प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफीचे जनक : डॉ. इयन डोनाल्ड

सोनोग्राफी सेंटरमध्ये बसलेल्या बाईला मिळणारी पहिली सूचना ठरलेली असते : भरपूर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका. एक बाटली संपते, दुसरी संपते, पोट तडस लागल्यासारखे होते आणि नंबर काही येत नाही. हा त्रास कशासाठी, असे पेशंट आम्हाला नेहमी विचारतात.

मूत्राशय भरलेले असेल तर त्यामागचे गर्भाशय स्पष्ट दिसते, हे 1963 च्या सुमारास स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात एका प्रसूतितज्ज्ञाच्या लक्षात आले. त्यांचे नाव डॉ. इयन डोनाल्ड. पोटातल्या बाळाकडे ध्वनिलहरींच्या मदतीने पाहण्याचे तंत्र त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले. आज खेड्यापाड्यातल्या गर्भवतीच्या फाईलमध्येही सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. त्याची सुरुवात बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली होती. या लेखात डोनाल्ड यांच्या आयुष्याची ओळख करून घेऊ आणि त्याबरोबर सोनोग्राफीचे मूळ तत्त्वही समजून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

इयन डोनाल्ड यांचा जन्म 27 डिसेंबर 1910 रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातल्या लिस्कर्ड या गावी झाला. घराणे मूळचे स्कॉटिश. वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. आई उत्तम पियानो वाजवत असे. संगीताची आवड त्यांना आईकडून मिळाली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

वडिलांची प्रकृती बरी नसल्याने कुटुंब दक्षिण आफ्रिकेत राहायला गेले. तिथे 1927 साली आई आजारी पडून वारली आणि त्यानंतर काही महिन्यांतच वडीलही गेले. इयन तेव्हा सोळा वर्षांचे होते. तरीही शिक्षण थांबले नाही. केप टाऊन विद्यापीठातून त्यांनी कला शाखेची पदवी घेतली. विज्ञानाच्या आधी भाषा आणि संगीत शिकलेला हा मुलगा पुढे लंडनला आला, सेंट थॉमस हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि 1937 साली डॉक्टर झाला. त्याच वर्षी त्यांनी अ‍ॅलिक्स रिचर्ड्स यांच्याशी लग्न केले. या दांपत्याला चार मुली झाल्या.

युद्धाने दिलेले दोन धडे

दुसऱ्या महायुद्धात 1942 साली डोनाल्ड ब्रिटिश हवाई दलात वैद्यकीय अधिकारी म्हणून गेले. एकदा एक बॉम्बर विमान कोसळून पेटले. आत बॉम्ब तसेच होते. डोनाल्ड त्या जळत्या विमानात शिरले आणि अडकलेल्या वैमानिकांना त्यांनी बाहेर काढले. या शौर्याबद्दल 1946 साली त्यांना सरकारी किताब मिळाला.

हवाई दलात त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. रडार आणि सोनार ही यंत्रे त्यांनी जवळून पाहिली. रडार रेडिओलहरी सोडते, त्या विमानावर आपटून परत येतात आणि त्यावरून विमान किती दूर आहे ते कळते. सोनारमध्ये हेच काम पाण्याखाली ध्वनिलहरी करतात आणि लपलेली पाणबुडी सापडते. डोळ्यांना न दिसणारी वस्तू प्रतिध्वनीवरून शोधता येते, ही कल्पना त्यांच्या मनात तेव्हाच रुजली.

युद्धानंतर लंडनमध्ये काम करताना त्यांचे लक्ष नवजात बाळांकडे गेले. जन्मल्यावर नीट श्वास न घेणाऱ्या बाळांसाठी त्यांनी सहकाऱ्यांसोबत श्वसनयंत्रे तयार केली. यंत्रांशी खटपट करण्याची त्यांची हौस इतकी होती की सहकारी गमतीने त्यांना वेडा म्हणत. 1954 साली ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे पद राजघराण्याच्या नावे दिले जाणारे, मोठ्या मानाचे होते. डोनाल्ड तेव्हा 43 वर्षांचे होते.

त्या काळी पोटातले कसे कळे?

डोनाल्ड यांचे काम किती महत्त्वाचे होते हे समजण्यासाठी त्या काळच्या डॉक्टरांच्या हातात काय होते ते पाहायला हवे. पोट हाताने चाचपणे, बोटांनी ठोकून आवाज ऐकणे, आतून तपासणे आणि फार तर एक्स-रे, एवढीच साधने होती.

पोट वाढले आहे, पण आत बाळ आहे, पाणी आहे की गाठ आहे, याचा अंदाजच करावा लागे. अंगावरून रक्त जात असेल तर वार गर्भाशयाच्या तोंडाशी आहे का, हे आतून तपासून पाहायचे म्हणजे रक्तस्राव भडकण्याचा धोका. एक्स-रेमध्ये बाळाची हाडे दिसत, पण वार, गर्भजल किंवा मऊ गाठी दिसत नसत. शिवाय 1950 च्या दशकात डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांच्या ऑक्सफर्डमधील संशोधनातून असे दिसू लागले की गरोदरपणात ज्यांच्या आईचे एक्स-रे काढले गेले त्या मुलांमध्ये कर्करोगाचे प्रमाण जास्त आहे. म्हणजे होते ते एकमेव साधनही संशयाच्या घेऱ्यात आले. किरणोत्सर्ग न वापरता आत पाहण्याचा दुसरा मार्ग हवाच होता.

कारखान्यात नेलेल्या गाठी

ध्वनिलहरींचा वैद्यकात उपयोग करण्याचे प्रयत्न इतर ठिकाणीही सुरू होते. अमेरिकेत जॉन वाइल्ड स्तनाच्या गाठी तपासत होते. स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी 1953 मध्ये हृदयाच्या झडपांच्या हालचाली टिपल्या होत्या. त्यांनी वापरले ते यंत्रही मुळात धातूतील दोष शोधण्यासाठीच बनवलेले होते.

धातूतील दोष शोधणारे यंत्र म्हणजे काय? लोखंडाचा जाड पत्रा किंवा वेल्डिंगचा सांधा बाहेरून निर्दोष दिसतो, पण आत बारीक चीर असू शकते. बॉयलरमध्ये अशी चीर राहिली तर स्फोट व्हायचा. म्हणून कारखान्यात धातूवर एक प्रोब टेकवून ध्वनिलहरी आत सोडत. चीर असेल तर तिथून प्रतिध्वनी लवकर परत येई आणि पडद्यावर एक उंचवटा उमटे.

ग्लासगोजवळ रेनफ्रू येथे बॅबकॉक अँड विलकॉक्स या कंपनीचा बॉयलरचा मोठा कारखाना होता. कंपनीतील एका अधिकाऱ्याची पत्नी डोनाल्ड यांची पेशंट होती. त्या ओळखीतून त्यांना कारखान्यात प्रवेश मिळाला. 21 जुलै 1955 रोजी डोनाल्ड दोन मोटारी घेऊन तिथे पोहोचले. गाड्यांमध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी होत्या : गर्भाशयाचे फायब्रॉइड आणि बीजांडकोशातील पाण्याच्या गाठी. तुलनेसाठी कंपनीने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता.

यंत्राचा प्रोब एकेका गाठीवर टेकवला गेला. पाण्याच्या गाठीत समोरच्या भिंतीचा प्रतिध्वनी आला, मग मधला भाग पूर्ण शांत आणि शेवटी मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी. फायब्रॉइड घट्ट असल्याने त्यात ध्वनी आतपर्यंत विरत गेला आणि चित्र अगदी वेगळे आले. गाठ कापून न पाहता ती पाण्याची आहे की भरीव, हे पडद्यावर दिसत होते. एका दुपारच्या त्या प्रयोगाने डोनाल्ड यांना पुढच्या आयुष्याची दिशा दिली.

सोनोग्राफी कशी चालते?

माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापुढचा आवाज आपल्या कानाला कळत नाही. सोनोग्राफीत सामान्यतः 20 लाख ते दीड कोटी हर्ट्झच्या ध्वनिलहरी वापरतात.

प्रोबमध्ये विशिष्ट स्फटिक असतात. त्यांना विजेचा झटका दिला की ते थरथरतात आणि ध्वनिलहर निर्माण होते. उलट, परत आलेली लहर त्यांच्यावर आदळली की त्यातून वीज निर्माण होते. म्हणजे तोंडही तेच आणि कानही तेच. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे 1,540 मीटर वेगाने जातो. त्वचेपासून 10 सेंटिमीटर खोल असलेल्या भागाचा प्रतिध्वनी परत यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साधारण 130 भाग एवढाच वेळ लागतो. तो वेळ मोजला की खोली कळते.

पाण्यातून ध्वनी बिनअडथळा जातो, म्हणून गर्भजल, लघवी किंवा पाण्याची गाठ पडद्यावर काळी दिसते. हाडावरून जोरदार प्रतिध्वनी येतो, म्हणून ते पांढरे दिसते. हवा मात्र ध्वनीला जवळजवळ पूर्णपणे परतवते. प्रोब आणि त्वचेच्या मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी काही दिसत नाही. पोटावर गार जेल लावतात ते यासाठीच. सुरुवातीच्या काळात डोनाल्ड यांनी पोटावर पाण्याचे भांडे ठेवून पाहिले, पण त्यात अंथरूणच भिजून जाई. मग त्यांनी त्वचेवर ऑलिव्ह तेल लावून प्रोब थेट टेकवायला सुरुवात केली.

एका तरुण इंजिनिअरचा फोन

कारखान्यातील प्रयोगानंतर डोनाल्ड यांनी लंडनच्या एका रुग्णालयातून केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीचे जुने दोषशोधक यंत्र मिळवले. ते मेंदूच्या संशोधनासाठी वापरून बाजूला पडले होते. जिवंत माणसावर त्याने काही धड दिसेना. सगळा उद्योग तिथेच थांबला असता.

त्या कंपनीत टॉम ब्राउन नावाचा तेविशीतला एक इंजिनिअर काम करत होता. ग्लासगोतला कोणी प्राध्यापक दोषशोधक यंत्र माणसांवर वापरतो आहे, हे त्याच्या कानावर आले. त्याने टेलिफोन डिरेक्टरीत नाव शोधले आणि सरळ प्राध्यापकांना फोन लावला. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला अनोळखी तंत्रज्ञाने फोन करण्याचा तो काळ नव्हता. पण डोनाल्ड यांनी त्याला बोलावून घेतले.

ब्राउन यांनी यंत्र पाहिले आणि त्यातील बदलांमुळेच ते या कामाला निरुपयोगी झाले आहे हे ओळखले. त्यांनी कंपनीकडून नवे यंत्र उसने मिळवून दिले. डोनाल्ड यांचे सहायक डॉ. जॉन मॅकव्हिकरही सोबत आले. एक प्राध्यापक, एक तरुण डॉक्टर आणि एक इंजिनिअर, अशी ही तीन माणसांची टीम तयार झाली.

आतापर्यंत पडद्यावर फक्त उंचवटे दिसत. त्यांचा अर्थ लावणे म्हणजे जन्मपत्रिका वाचण्यासारखे होते. ब्राउन यांनी पुढची उडी घेतली. प्रोब पोटावर कुठे आहे आणि कोणत्या कोनात आहे हे यंत्राने स्वतः मोजायचे आणि प्रत्येक प्रतिध्वनी पडद्यावर त्याच्या खऱ्या जागी ठिपका म्हणून उमटवायचा, अशी ती कल्पना. प्रोब पोटावरून हळूहळू फिरवत नेला की ठिपक्यांतून पोटाच्या आडव्या छेदाचे चित्र तयार होई. असे पहिले यंत्र 1957 साली रुग्णाला जेवण देण्याच्या बेडटेबलावर बसवले होते. आपण आज पाहतो त्या सोनोग्राफीच्या चित्राचे हे थेट पूर्वज.

जिचा आजार बरा होणार नव्हता अशी बाई

नव्या यंत्राकडे बरेच डॉक्टर संशयाने पाहत होते. बोटांनी तपासता येते ते पाहायला एवढा खटाटोप कशाला, असे त्यांना वाटे. तो संशय एका पेशंटमुळे बदलला.

एका बाईचे पोट प्रचंड फुगले होते, वजन उतरत चालले होते. जठराचा कर्करोग पसरून पोटात पाणी झाले आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असे निदान झाले होते. शल्यचिकित्सा विभागाच्या प्राध्यापकांनी डोनाल्ड यांना तिच्यावर यंत्र लावून बघायला सांगितले.

पोटात जलोदर झाला असेल तर आतडी पाण्यावर तरंगतात आणि पोटाच्या पुढच्या भिंतीजवळून प्रतिध्वनी येतात. या बाईच्या पोटात पुढून मागेपर्यंत सगळे शांत होते आणि प्रतिध्वनी आला तो खोलवरच्या मागच्या भिंतीचा. म्हणजे पोटात सुटे पाणी नव्हते. पाण्याने भरलेली एकच अवाढव्य पिशवी होती. ही बीजांडकोशाची गाठ असावी असे डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी सांगितले. शस्त्रक्रियेत तशीच गाठ निघाली, ती कर्करोगाची नव्हती, आणि मरणाची वाट पाहत असलेली ती बाई बरी झाली.

7 जून 1958 रोजी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात 100 रुग्णांवरील अनुभव होता आणि पोटातील गाठींबरोबर गर्भाचीही चित्रे होती. ध्वनिलहरींनी इजा होते का हे पाहण्यासाठी मांजरीच्या नवजात पिल्लांच्या मेंदूंवर केलेल्या चाचणीची माहितीही त्यांनी दिली होती. लेखकांमध्ये इंजिनिअरचे नाव डॉक्टरांच्या बरोबरीने छापले गेले, हेही त्या काळात विशेषच.

तुमच्या रिपोर्टमधील आकडे कुठून आले?

1959 मध्ये डोनाल्ड यांच्या लक्षात आले की बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंकडून अगदी स्पष्ट प्रतिध्वनी मिळतात. मग दोन्ही प्रतिध्वनींमधले अंतर मोजले की डोक्याची रुंदी मिळणार. डॉ. जेम्स विलॉक्स यांनी या मोजमापावर काम केले. दर काही आठवड्यांनी ती रुंदी मोजली तर बाळ वाढते आहे की खुंटले आहे हे कळू लागले. आजच्या रिपोर्टमध्ये बीपीडी या नावाने येणारा आकडा तो हाच. पुढे डोनाल्ड यांच्या हाताखाली तयार झालेले डॉ. स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी 1968 मध्ये हे माप अधिक अचूक करण्याची पद्धत दिली.

1963 च्या सुमारास भरलेल्या मूत्राशयाचा शोध लागला, तो काहीसा योगायोगानेच. लघवी साठलेल्या एका पेशंटचे गर्भाशय नेहमीपेक्षा फार छान दिसले. कारण सोपे आहे. भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते, त्यामुळे आतड्यातील हवा आड येत नाही. लघवी म्हणजे पाणीच, तिच्यातून ध्वनी विनासायास जातो. जणू गर्भाशयासमोर काचेची खिडकी बसते. यामुळे सहा-सात आठवड्यांची गर्भधारणा पाहणे शक्य झाले. दिवस गेल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत रक्त जाऊ लागले तर गर्भ टिकला आहे का, जुळे आहे का, हे आता कळू लागले. द्राक्षगर्भ या आजारात बाळ नसतानाही पोट वाढते. त्याचे बर्फ पडत असल्यासारखे चित्रही याच टीमने 1963 मध्ये मांडले.

वार खाली आहे का, हे पोटावरूनच पाहता येऊ लागले. हा बदल बायकांच्या जिवाच्या दृष्टीने फार मोठा होता. रक्तस्रावाने दगावणाऱ्या किती आयांचा धोका त्यामुळे आधीच ओळखता येतो, याची कल्पना प्रसूतिगृहात काम केलेल्या कोणालाही येईल.

यंत्राची सुधारित आवृत्ती डायसोनोग्राफ या नावाने बाजारात आली. ते खोली व्यापणारे अवजड यंत्र होते. पहिल्या ग्राहकांत स्वीडनच्या लुंडचे डॉ. बर्टिल सुंडेन होते. पण 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मूळ उत्पादक कंपनीने या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि हे काम एडिंबरोच्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. ज्या शहरात तंत्र जन्मले तिथला कारखाना बंद झाला. टॉम ब्राउन यांनी पुढे त्रिमितीय सोनोग्राफीच्या यंत्रावर काम केले, पण ते काळाच्या फार पुढे होते आणि व्यवसाय म्हणून चालले नाही. ते या क्षेत्रातून बाहेर पडले. त्यांचे श्रेय लोकांना बऱ्याच उशिरा कळले. 2019 साली त्यांचे निधन झाले.

शिक्षक डोनाल्ड

डोनाल्ड यांचे व्यक्तिमत्त्व तापट आणि तितकेच उमदे होते. वर्गात ते विद्यार्थ्यांना खिळवून ठेवत. 1955 साली त्यांचे प्रॅक्टिकल ऑब्स्टेट्रिक प्रॉब्लेम्स हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अडलेली बाळंतीण समोर असताना डॉक्टरने नेमके काय करायचे, हे त्यात अनुभवातून आणि खुमासदार भाषेत सांगितले आहे. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. भारतातही पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ते वाचले आहे. सोनोग्राफी न पाहताही अनेकांना डोनाल्ड हे नाव आधी या पुस्तकामुळे माहीत झाले.

ग्लासगोमध्ये 1964 साली क्वीन मदर्स हॉस्पिटल हे नवे प्रसूती रुग्णालय सुरू झाले. त्याच्या आखणीत डोनाल्ड यांचा मोठा वाटा होता. तिथे डॉक्टरांच्या शेजारी इंजिनिअरही नेमलेले होते. देशोदेशीचे डॉक्टर तिथे शिकायला येत. पुढे 1981 मध्ये युगोस्लाव्हियातील दुब्रॉव्हनिक येथे प्रा. आसिम कुर्जाक यांनी डोनाल्ड यांच्या नावाने सोनोग्राफी शिकवणारी आंतरविद्यापीठ संस्था सुरू केली. तिच्या शाखा आज भारतासह अनेक देशांत आहेत.

हे सगळे करत असताना ते स्वतः हृदयरोगी होते. त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि त्यासाठी त्यांच्यावर तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. दुसऱ्यांदा झडप बदलल्यानंतर रुग्णाच्या खाटेवरून काय दिसते, यावर त्यांनी 1976 साली एक लेखही लिहिला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. शिडाची होडी चालवणे, चित्रे रंगवणे आणि पियानो हे छंद त्यांनी जपले. 19 जून 1987 रोजी इंग्लंडमधील पॅगलशॅम या गावी त्यांचे निधन झाले.

यंत्र निर्मात्याच्या हातात राहत नाही

डोनाल्ड श्रद्धाळू ख्रिश्चन होते. ब्रिटनमध्ये 1967 साली गर्भपाताचा कायदा आला, तेव्हा त्यांनी त्याला जाहीर विरोध केला. गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीला ते पोटातल्या बाळाचे चित्र दाखवत. त्यांच्या या भूमिकेशी आणि विशेषतः या पद्धतीशी आज अनेक डॉक्टर सहमत होणार नाहीत. आधीच अडचणीत असलेल्या बाईवर असे दडपण आणणे योग्य नाही, असे मलाही वाटते. आपल्याकडे 1971 च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपात वैध आहे आणि तो निर्णय त्या स्त्रीचा आहे.

पण त्यांच्याच यंत्राने पुढे वेगळे वळण घेतले. 1972 मध्ये त्यांचे शिष्य कॅम्पबेल यांनी मेंदूची वाढच न झालेला गर्भ 17 व्या आठवड्यात सोनोग्राफीने ओळखला आणि त्यानंतर तो गर्भ काढण्यात आला. जगू न शकणारे व्यंग वेळेत कळणे, हा आज सोनोग्राफीचा एक मोठा उपयोग मानला जातो. गुरूने आयुष्यभर ज्याला विरोध केला, त्याच निर्णयाला त्यांचे यंत्र मदत करू लागले.

महाराष्ट्रात तर त्याहून वाईट घडले. गर्भलिंगनिदानासाठी आधी गर्भजल तपासणीचा आणि नंतर सोनोग्राफीचा गैरवापर झाला. मुंबईतील स्त्री-संघटना आणि कार्यकर्त्यांच्या लढ्यामुळे 1988 साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम याविरुद्ध कायदा केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा झाला. तरीही राज्यातील सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 1991 च्या जनगणनेत 946 होती, ती 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 झाली. कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून 2000 साली मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. 2003 पासून कायदा अधिक कडक झाला.

बाळाचे लिंग विचारू नका, ही पाटी आज प्रत्येक सेंटरवर दिसते ती या इतिहासामुळे. सोनोग्राफीच्या आधी भरून घेतला जाणारा फॉर्मही त्यासाठीच असतो. तो कंटाळवाणा वाटला तरी नीट भरा. यंत्र आईचा आणि बाळाचा जीव वाचवण्यासाठी तयार झाले होते. त्याचा उलटा वापर करणारे हात आपल्याच समाजातले होते, डॉक्टरही त्यात होते, हे आम्हा डॉक्टरांनी मान्य करायला हवे.

वाचकांसाठी थोडक्यात

• सोनोग्राफीत एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतो. वैद्यकीय कारणासाठी, प्रशिक्षित डॉक्टरकडून केलेली सोनोग्राफी बाळासाठी सुरक्षित मानली जाते. हौस म्हणून वारंवार करू नये.

• गरोदरपणात 24 आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे साधारण 11 ते 14 आठवडे आणि 18 ते 20 आठवडे या काळातल्या तपासण्या महत्त्वाच्या समजतात. पुढच्या किती करायच्या हे तुमच्या तब्येतीवर ठरते.

• पोटावरून सुरुवातीच्या महिन्यांत सोनोग्राफी करायची असेल तर मूत्राशय भरलेले लागते. योनिमार्गातून करायची असेल तर ते रिकामे हवे. महिने भरत आल्यावर गर्भजलच खिडकीचे काम करते, त्यामुळे सहसा लघवी तुंबवून ठेवावी लागत नाही. आपल्याला कोणती सूचना लागू आहे ते आधी विचारून घ्या.

• सोनोग्राफीत प्रत्येक व्यंग दिसतेच असे नाही. रिपोर्ट चांगला आला तरी रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणे, डोके खूप दुखणे किंवा पाणी जाणे यांपैकी काही झाले तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

• रिपोर्टमधील आकड्यांवरून स्वतः निष्कर्ष काढू नका. एका मापापेक्षा दोन तपासण्यांमध्ये झालेली वाढ अधिक सांगते. म्हणून जुने रिपोर्ट नेहमी सोबत न्या.

पुढच्या वेळी सेंटरच्या बाकावर पाण्याची बाटली हातात घेऊन बसाल, तेव्हा ग्लासगोचे ते तापट प्राध्यापक आठवा. गाठींनी भरलेल्या दोन मोटारी घेऊन ते बॉयलरच्या कारखान्यात गेले होते, आणि एका अनोळखी पोराने फोन केला तेव्हा त्यांनी तो उचलला होता.